उजेड कमी पडतोय

खुजंद, ७ नोव्हेंबर

मुनीसा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न उघडताच कचऱ्यात टाकशील, असं तुझी करोमत आत्या म्हणाली. म्हणून पत्ता तिच्याच हातून लिहून घेतला. आत्याचं पत्र म्हणून तू हे उघडलं असशील. फसवलं तुला, खरं आहे. पण तू माझा नंबर फोनवर बंद करून ठेवल्यावर माणसाने करायचं तरी काय?

जुनं भांडण उकरायला लिहीत नाहीये. तू तिकडे रशियात आम्हाला न विचारता त्या रिनातशी लग्न केलंस, आणि कळवायला फोन केलास तेव्हा मी 'राँग नंबर' म्हणून खाली ठेवला. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुझंही बदललं नसणार, शेवटी मुलगी कुणाची! ते तिकडेच राहू दे. हे पत्र दुकानाच्या दिव्यांबद्दल आहे.

तुला आठवतं ना आपलं दुकान, समोर उजेड आणि मागे तागे रचलेल्या भिंतीपाशी बोगदा? तू नेहमी म्हणायचीस, आपल्या दुकानात कापड नाही, काळोख विकतात. आता बाजारातल्या आपल्या सगळ्या रांगेने नवे दिवे लावले आहेत. पिवळे, उबदार, छतातून खाली तोंड करून बसलेले. त्यांच्याखाली साधं सुतीसुद्धा रेशीम वाटतं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहूनच वेडं होतं. मग आपणच कसे मागे राहणार? दावरोन वायरमनला बोलावलं, जुन्या ट्यूबलाइटा उतरवल्या, तसलेच दिवे लावले. पण पोरी, उजेड काही पुरत नाही. त्याला म्हटलं, अजून लाव. त्याने लावले. अजून लाव म्हटलं, तर शिडीवरूनच म्हणतो, "अका, आता याच्या वर लावले तर मखमल शिजेल!"

शेजारी तोजिद्दीन बसलेला होताच, झालरी आणि बटणंवाला. माझ्यापेक्षा वयाने लहान, थोरला भाऊ म्हणून मला अका म्हणतो, पण जीभ पणजोबांची. तो लगेच म्हणाला, "अकाला दिवे नको, सूर्यच पाहिजे. टांग बाबा छताला, बिल मी भरतो." मी त्याला सांगितलं, तुझ्या बटणांना भोकं दिसली की झालं, मला रंग बघायचे असतात. सगळे हसले. मीही हसलो.

या नव्या दिव्यांत दम नाही, एवढंच सांगायचं होतं. पुस्तकंही हल्ली असलीच निघतात. छापणारे शाई वाचवतात वाटतं, ओळी नुसत्या धुरकट.

उत्तर लिहिलंस तर मोठ्या अक्षरात लिही, आणि काळ्या शाईने. निळी नको.

तुझा बाप,
हकनजर

खुजंद, १९ डिसेंबर

मुनीसा,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होतो असं नाही. पोस्टाच्या बाईला विचारलं ते आपलं सहज.

थंडीने इकडे दातखीळ बसवली आहे. वीजही जाते-येते, आली तरी मरगळलेली. तेव्हा मला दिसायला त्रास होतो यात काही नवल नाही, सगळ्या गावालाच होतो. काल चहा ओतताना पेल्याच्या बाहेर ओतला. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अका, भाजलं का?" मी तिच्यावरच ओरडलो, पेला मध्ये कशाला सरकवता म्हणून. ती कापड न घेताच गेली.

दुपारी बाजार रिकामा असतो तेव्हा मी दिव्याखाली स्टूल ओढून वाचत बसतो. तुला माहीतच आहे, वाचल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. माझ्या वडिलांची पुस्तकं जुन्या अरबी लिपीत होती. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना, कारण शाळेत आम्हाला रशियन वळणाची लिपी शिकवली. धडधाकट डोळ्यांचा माणूस बापाच्या पुस्तकांपुढे ठार आंधळा! तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या मुलीला जे हाती पडेल ते वाचता आलं पाहिजे. तुला तर मी शाळेच्या आधीच शिकवलं, ताग्याच्या टोकावर गिरणीचं नाव छापलेलं असतं ना, त्यावरून. तू ताग्यांच्या ढिगावर बसून एकेक अक्षर ओरडायचीस, आणि गिऱ्हाइकं कापड सोडून तुझ्याकडेच बघत राहायची. तुझी आई म्हणायची, पोरीला घसा बसेपर्यंत वाचायला लावतो हा माणूस. ती असती तर आपल्या दोघांच्या कानाखाली एकेक देऊन तिने हे प्रकरण केव्हाच मिटवलं असतं.

हल्ली मात्र वाचताना एक गंमत होते. ओळीच्या सुरुवातीचा शब्द सापडतो, शेवटचा सापडत नाही. पानाची कडा कुणी कातरून नेल्यासारखी. मग वाक्याचं शेपूट मी मनानेच लावतो. परवा एक गोष्ट पूर्ण वाचली, तोजिद्दीनला सांगितली. त्याने तीच वाचलेली होती. म्हणाला, "अका, यात तर तो शेवटी मरतो. तुम्ही त्याचं लग्न लावून दिलंत." मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात मरत असेल.

दावरोनला पुन्हा बोलावणार आहे.

हकनजर

खुजंद, २८ जानेवारी

मुनीसा,

करोमत तुला फोनवर सांगणारच, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. तिला तिखटमीठ लावायची सवय आहे. यात मात्र लावायला जागा नाही.

साओदतआपा आठवतात? नदीपलीकडच्या, तुला खिशातून मनुका काढून द्यायच्या. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं. मुलीकडे पाठवायच्या गाठोड्याचं कापड घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. लग्नाचं कापड आपल्या घराण्याकडूनच घ्यायचं, हा त्यांचा नेम. रंगीबेरंगी अत्लस घेतलं, डाळिंबी रंगाचं रेशीम घेतलं, आणि वर म्हणाल्या, "एक हिरवी मखमल दे बाबा, चांगली गर्द. हिरवं असलं की संसार पालवतो."

मी तागा काढला. आपल्या रांगेचा रिवाज तुला ठाऊक आहे. कापड आधी दारात न्यायचं, सूर्याला दाखवायचं, मग कात्री लावायची. पण बाहेर बर्फ पडत होता, आपांचे गुडघे दुखत होते. त्यांनी तागा दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "मला म्हातारीला काय कळतंय. हिरवीच ना रे?"

मी म्हटलं, "आपा, मी हिरवी म्हणतोय म्हणजे हिरवी."

आणि कापली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. मुलीच्या अंगणात चटया पसरलेल्या, ऊन पडलेलं, सगळ्या बायका गोल करून बसलेल्या. गाठोडं सोडलं. एकेक कापड उचलून सगळ्यांना दाखवतात, बायका वा वा करतात. मग माझी मखमल उचलली. निळी. काळपट निळी, घरातला माणूस गेल्यावर बायका नेसतात ती. उन्हात दुसरं काही म्हणायला वावच नाही.

मग मुलीची आजी उठली, तिने ते कापड नवरीच्या मांडीवरून काढलं आणि म्हणाली, "आमच्या पोरीला जिवंतपणीच विधवेचा वेष पाठवलात." साओदतआपा शपथा घेत राहिल्या. पण असल्या गोष्टीत शपथ कुठे चालते? गाठोडं त्याच दिवशी परत आलं. लग्न मोडलं. मुलगी सतरा-अठराची आहे. आता तिच्याकडे बघून लोक म्हणतात, हीच ती निळ्या गाठोड्याची.

आपा दुकानात आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते कापड माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "हकनजर, तुझ्या बायकोच्या मयताला मी हाच रंग नेसले होते. तू ओळखला नाहीस?"

मी म्हटलं, हे नवे दिवे, आपा. पिवळ्या उजेडात निळं हिरवं दिसतं. दावरोनची करणी.

त्या गेल्यावर दावरोनला बोलावून चार माणसांत वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "अका, सगळ्या रांगेत हेच दिवे आहेत. दुसऱ्या कुणाच्या दुकानात निळ्याचं हिरवं झालं नाही." तोजिद्दीन मागून पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी वळलो तर तो मला लगेच सापडलाच नाही. आवाज होता, माणूस नव्हता. डोकं बरंच फिरवल्यावर दिसला. हाताच्या अंतरावर उभा होता.

त्यानंतर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

हकनजर

खुजंद, २२ फेब्रुवारी

मुनीसा,

डॉक्टरकडे जाऊन आलो. तोजिद्दीनने ओढून नेलं. म्हणाला, "येता की नाही? नाहीतर सगळ्या बाजारात सांगतो, हकनजर-अका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईला घाबरतात." घाबरतो कोण?

डॉक्टरीण म्हणाली, किरकोळ आहे. थकवा. दिवे बदला.

वरच्या दोन ओळी खोडणार होतो, पण नेमक्या कुठे आहेत ते सापडत नाही. राहू देत. खरं सांगतो. मोतीबिंदू असेल अशी मी आशा करत गेलो होतो, मोतीबिंदू काढून टाकता येतो. हा काचबिंदू आहे. डॉक्टरीण तुझ्याच वयाची, फार हळू बोलत होती. म्हणाली, "आजोबा, यात कडेचं दिसणं आधी जातं. हळूहळू जातं म्हणून माणसाला कळत नाही, त्याला वाटतं उजेडच कमी आहे." मी विचारलं, गेलेलं परत येतं? ती म्हणाली, नाही. उरलेलं वाचवता येतं? थेंब दिले आहेत, बघू या, पण तुम्ही फार उशिरा आलात. घरात आधी कुणाला होतं का, असंही तिने विचारलं. माझे वडील शेवटी भिंत धरून चालायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. तेव्हा मुनीसा, तू तिकडे स्वतःचे डोळे तपासून घे. माझ्यावर राग धर, पण हे कर.

मी इतके महिने छतावरचे दिवे वाढवत बसलो. एका पोरीचं लग्न मोडलं, दावरोनला शिव्या घातल्या, आणि काळोख होता तो माझ्या स्वतःच्या डोक्यात. दावरोनची माफी मागितली. साओदतआपांच्या दारापर्यंत गेलो, त्यांनी उघडलं नाही. मुलीच्या घरी गेलो, तिच्या आजीने मला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं हे आता कळलं. पण आमच्या दारात आता कोण येणार, हे तुम्हाला दिसतंय का?"



आता एकच मागणं आहे, आणि ते मी सरळ मागतो, कारण आडून मागायला वेळ उरलेला नाही. मला अजून दिसतं. मधोमध, बोगद्यातून बघितल्यासारखं, पण दिसतं. अक्षर मोठं असेल तर वाचतो. तोपर्यंत तू एकदा लिही. चांगलं लिही असं म्हणत नाही. काय वाटेल ते लिही. तुझं अक्षर मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे. ते मी शिकवलेलं अक्षर आहे. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं मला नको.

तुझा बाप

खुजंद, १६ एप्रिल

मुनीसा,

नवरोज येऊन गेला. बाजारात गव्हाच्या अंकुरांच्या सुमनकच्या कढया चढल्या, पोरींनी नवे कपडे घातले, ते त्यांनी माझ्याकडून घेतलेले नव्हते. बरोबरच आहे. मीही स्वतःकडून घेतले नसते.

ओळी सरळ येतायत का? पुठ्ठ्याची एक पट्टी कापून घेतली आहे. ती कागदावर धरायची, तिच्या कडेने लिहायचं, मग बोटभर खाली सरकवायची. कधी सरकवायची राहून जाते. काल तोजिद्दीन म्हणाला, "अका, तुम्ही ओळीवरच ओळ लिहिलीय. खालची वरचीला मारतेय." हे पान त्याने तपासलं आहे. वाचलं नाही, नुसता लांबून नजर टाकली, असं तो शपथेवर सांगतो.

वाचणं संपलं. महिना झाला असेल. शेवटचं काय वाचलं तेही धड आठवत नाही, बहुतेक चहाच्या पुड्याचं वेष्टण. मला वाटायचं, ज्या दिवशी वाचता येणार नाही त्या दिवशी मी मरेन. नाही मेलो. सकाळी उठलो, नान खाल्ली, दुकान उघडलं. याचाच जास्त राग येतो.

लिहिता मात्र येतं. हाताला सगळं पाठ आहे, डोळ्यांची त्याला गरज नाही. फक्त लिहिलेलं परत बघता येत नाही. जे एकदा लिहिलं ते गेलं, तोंडातून सुटलेल्या शब्दासारखं. हे आधी कळलं असतं तर फोनवर बोलतानाही जरा सांभाळून बोललो असतो. हे लिहून गेलं. आता काय, खोडता येत नाही.

दुकान बंद केलेलं नाही. रंगीत सगळा माल रांगेतल्या लोकांना देऊन टाकला. आता फक्त पांढरं ठेवतो. गाद्यांच्या अस्तराचं, आणि कफनाचं. पांढऱ्यात चूक होत नाही. पोत बोटाला कळतो, गज हाताला माहीत आहे, आणि मयताच्या घरून आलेला माणूस घासाघीसही करत नाही. धंदा बरा चालतो. लोक येतात, हळू बोलतात, माल उचलून जातात. साओदतआपांची थोरली जाऊ गेली, तिच्या कफनाचं कापड न्यायला आपा स्वतः आल्या. आवाजावरून ओळखलं. जाताना त्यांनी माझ्या हातात चार मनुका ठेवल्या, लहान पोराच्या हातात ठेवतात तशा. मला रडू आलं.

दावरोन येऊन दिवे उतरवून घेऊन गेला. त्याला म्हटलं, दुसऱ्या कुणाला विकून टाक.

लिहिणार असशील तर आता कितीही बारीक लिहिलंस तरी चालेल.

हकनजर

खुजंद, ९ जून

मुनीसा,

तुझं पत्र मिळालं.

पोस्टाची बाई रांगेच्या टोकापासून ओरडत आली, "हकनजर-अका, रशियाचं आहे!" सगळी रांग उठून माझ्या दारात गोळा झाली. जो तो म्हणे, द्या, मी वाचतो. मी कुणाला दिलं नाही. खिशात ठेवलं, घरी नेलं, उशीखाली घेऊन झोपलो, दुसऱ्या दिवशी परत खिशात घालून दुकानात आणलं. मी तुला लिहिलं होतं की दुसऱ्याने वाचलेलं नको. पण हट्टाने पोट भरत नाही. शेवटी तोजिद्दीनला हाक मारली, दुकानाचा पडदा ओढून घ्यायला सांगितलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

कागद दोन-तीनदा उलटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, अक्षर लागत नाही का? तो म्हणाला, "लागतं, अका. छान अक्षर आहे." मग त्याने वाचलं.

फार सुंदर पत्र होतं. तू लिहिलं होतंस की राग कधीच संपला, फक्त लाज वाटत होती. रिनात सलाम सांगतो. तिकडच्या डॉक्टरांशी बोलली आहेस. जर्दाळू पिकले की येशील आणि माझ्या हाताला धरून नदीवर नेशील. मी म्हटलं, शाबास पोरी. त्याने पत्र घडी करून परत माझ्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावून दिलं. माझी एकदाही टर उडवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी येऊन मी कागद उलगडला आणि पाठीमागून अंगठा फिरवला. तू लहानपणापासून पेन दाबून लिहितेस, रागात असलीस की जास्तच, कागदाच्या मागे अक्षरं उमटतात. जन्मभर कापड चाचपलेला अंगठा आहे माझा. कागदावर तीन ओळी आहेत, मुनीसा. तिसरी तर अर्धीच आहे. बाकी कागद कोरा आहे, वरून खालपर्यंत गुळगुळीत.

तोजिद्दीन चहाचा पेला थंड होईपर्यंत वाचत होता.

तरी म्हटलं, आपली बोटंही डोळ्यांसारखीच दगा देत असतील. म्हणून आज त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. या वेळी तू जर्दाळूच्या दिवसांत नाही, कापूस वेचून झाल्यावर येणार आहेस. डॉक्टरचा उल्लेख नव्हता. त्याऐवजी तुला माझ्या हातचा पुलाव आठवतो, असं होतं. मी जन्मात कधी पुलाव केलेला नाही.

मी मान डोलावत राहिलो. त्या माणसाने कधी कुणाला चार गोड शब्द ऐकवले नाहीत, त्याला ते जुळवताना किती कष्ट पडत होते ते मला ऐकू येत होतं.

त्या अडीच ओळींत तू काय लिहिलं आहेस ते मला कळलेलं नाही. काय असेल याचा अंदाज आहे. चांगलं असतं तर तोजिद्दीनने तेच वाचलं असतं. करोमतकडून वाचून घेता येईल, पोस्टाच्या बाईकडूनही. नाही घेणार. तू जे लिहिलंस ते तू लिहिलंस, तुझा हक्क आहे, मी तुला काय वाटेल ते लिही म्हटलं होतं. मला ते डोळ्यांनी वाचता आलं असतं तर मी वाचलं असतं आणि सोसलंही असतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायची माझ्यात ताकद नाही.

दुकान बंद करताना तोजिद्दीन कुलूप लावत होता. मी विचारलं, "काय रे, मुनीसाचं पत्र उद्या परत वाचून दाखवशील ना?"

तो म्हणाला, "दाखवीन की, अका. रोज दाखवीन."

हकनजर